डाव्या बाजूचा नवरा

न्यू मेक्सिकोतल्या एल रेमान्सो गावचा वारा इतका खट्याळ, की कोंबडीने आपल्या अंगणात घातलेलं अंडं शेजारणीच्या तव्यात जाऊन फुटतं, असं तिथली माणसं शपथेवर सांगत. त्या गावात मिरजेची डॉ. शर्वरी भणगे डोळ्यांचा इलाज करायची. तिचा इलाज वाऱ्यापेक्षाही अचाट होता. कारण तिच्याकडे येणाऱ्यांचे डोळे मुळी बिघडलेलेच नसत.

बिघडलेला असे तो मेंदू. डोळा म्हणजे नुसता टपालवाला. पाकीट आणून टाकतो आणि निघून जातो. ते फोडून वाचणारा बसलेला असतो थेट डोक्याच्या मागच्या बाजूला. तिथे उजवीकडे मार बसला, की दोन्ही डोळ्यांची डावी बाजू जाते. बरं, जाते म्हणजे काळोख होतो असंही नाही. काळोख झाला तर माणूस निदान घाबरेल, आरडाओरडा करेल. इथे काहीच होत नाही. आपल्या पाठीमागे आपल्याला काळं दिसतं का? नाही. तिथे नुसतं काही नसतं. तशी त्या माणसाची डावी बाजू नसते. ताटातली डावीकडची भाजी नसते, डावीकडे बसलेली पोटची पोर नसते, आणि दाराची डावी चौकट कपाळाला लागेपर्यंत नसते.

दोन्या ओतिलिया आर्चुलेताचं हेच झालं होतं. दोन्या म्हणजे आपण बाईसाहेब म्हणावं तसं मानाचं संबोधन. पुरुषाला डॉन म्हणतात. सत्तरीची, ताठ कण्याची बाई. गावाच्या कडेने शेतीच्या पाण्याचा पाट जातो, त्या पाटावरच्या रस्त्याने येताना एका ट्रकने तिला उडवलं. ट्रकवाला खाली उतरला, दिव्यांच्या उजेडात तिच्याकडे वाकून बघितलं, आणि पुन्हा ट्रकमध्ये चढून निघून गेला. तो कोण हे कुणालाच कळलं नाही. दोन्या ओतिलिया वाचली, पण तिची अर्धी दुनिया त्या रस्त्यावरच राहिली.

शर्वरीकडे त्यावर एक चष्मा होता. दवाखान्यात सगळे त्याला 'ठिगळ' म्हणत. चष्म्याच्या दांडीत कॅमेरा, आणि कवटीच्या मागे, मेंदूच्या शाबूत राहिलेल्या काठावर, कांद्याच्या पापुद्र्याएवढी एक पट्टी. कॅमेऱ्याला डावीकडे जे दिसेल ते पट्टीने मेंदूला कळवायचं. अडचण एकच. तो शाबूत काठ फार चिंचोळा. आख्खं चित्र तिथून आत घालणं म्हणजे पाटाचं पाणी चमच्याने वाहून नेणं. म्हणून ठिगळ चित्र पाठवतच नसे, नुसती खूण पाठवी. 'खुर्ची.' 'ग्रासिएला, उभी.' मग मेंदू आपल्या आठवणीतून ती खुर्ची, ती लेक काढून समोर ठेवी. आपण तरी काय करतो? वीज गेली तरी स्वयंपाकघरातला माठ आपल्याला दिसतोच की. दिसतो कसला, आठवतो. पण पाणी बरोबर पेल्यात पडतं.

आता खूण द्यायची तर घर ओळखीचं हवं. ठिगळाला शिकवणाऱ्यांनी ते शिकवलं होतं भलत्याच लोकांच्या, भलत्याच शहरांतल्या घरांत. दोन्या ओतिलियाच्या मातीच्या भिंतींच्या घरात आल्यावर त्याची भंबेरी उडाली. दाराशी टांगलेली लाल मिरच्यांची माळ त्याने सोललेली शेळी म्हणून दाखवली. कोनाड्यातल्या संत अंतोनियोला त्याने मायक्रोवेव्ह ठरवलं, आणि दोन्या ओतिलिया संत कधी टिंग वाजतोय याची वाट बघत उभी राहिली. तिथपर्यंत हसण्यावारी नेता आलं असतं. पण डावीकडे अनोळखी माणूस आला, की ठिगळ 'अनोळखी' अशी खूण देई. अनोळखीचा चेहरा मेंदूने आणायचा कुठून? म्हणून तो बिनचेहऱ्याचा माणूस काढी. डोळे नाहीत, नाक नाही, नुसती कोरी कातडी. असा एक माणूस अंगणात उभा बघून दोन्या ओतिलियाने बिडाचा तवा भिरकावला. सख्ख्या भाच्याच्या कपाळावर टाके पडले.

तेव्हा शर्वरीने 'घरओळख' काढली. ज्याचं घर, त्यानेच यंत्राला ते हिंडून दाखवायचं. आपल्या भाषेत, आपल्या नावांनी. हे माझं, हे माझ्या माणसांचं.

"परक्यांच्या घरात जाऊन कुठली खुर्ची कुणाची ते विचारत फिरतेस," मिरजेहून तिची आई फोनवर म्हणाली. "इथे तुझी खुर्ची कुठे ठेवलीय ते तरी आठवतं का?"

"माळ्यावर असेल."

"मोडीत घातली. दर दिवाळीला येते येते म्हणणाऱ्यांची खुर्ची ठेवते कोण?"

शर्वरी हसली, आणि घरओळखीला निघाली.

दोन्या ओतिलियाने तिला सगळं घर फिरवून दाखवलं. बरोबर लेक ग्रासिएला होती. दिवसभर शाळेच्या स्वयंपाकघरात राबून आलेली, थकलेली, पण आईचा शब्द खाली पडू न देणारी. चूल झाली, संत झाले, मिरच्या झाल्या. मग एका रुंद लाकडी खुर्चीपाशी म्हातारी थांबली. शेजारच्या फळीवर मिशीवाल्या गृहस्थाचा फोटो, भिंतीतल्या खुंटीला गवती हॅट, आणि खुर्चीसमोर वाफाळती कॉफी.

"हे आमचे यजमान. एलिसेओ," ती खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली. "इथे बसतात."

ग्रासिएलाने मान खाली घातली.

शर्वरीने कॅमेरा फोटोवरून फिरवला, हॅटवरून फिरवला, आणि यंत्रात नाव घातलं. एलिसेओ, नवरा. फोटोला हार नव्हता. मिरजेच्या मुलीला एवढं पुरे होतं. हार नाही म्हणजे माणूस आहे, कामाला गेला असेल. हा विचार तिने केलासुद्धा नाही. श्वास घ्यावा तसा तो आपोआप झाला. आणि यजमान कुठे असतात हो, असं भरल्या घरात विचारणं तिला आगाऊपणाचं वाटलं.

त्या दिवशी तिने आणखी दोन गोष्टी ठरवल्या, आणि दोन्ही लोकांच्या भल्यासाठीच. त्या खोऱ्यात अनेकांकडे देशात राहण्याची कागदपत्रं नव्हती. कॅमेरा म्हटला की त्यांना पोलीस आठवत. म्हणून चष्म्यातलं चित्र घराबाहेर जायचं नाही. तिच्या फोनवर फक्त खुणा येतील, डावीकडे कोण आणि काय करतोय, एवढंच. आणि दुसरी गोष्ट त्या बिनचेहऱ्याच्या माणसाची. यंत्राला ओळख पटली नाही, तर त्याने 'अनोळखी' म्हणून म्हातारीला घाबरवायचं नाही. घरच्यांपैकी ज्याच्याशी सगळ्यात जास्त मिळतंजुळतं वाटेल त्याचं नाव द्यायचं. कुणी ना कुणी आपलंच असणार, या गावात दुसरं कोण येतंय!

आणि खरंच, पुढे सगळं झकास चाललं. शर्वरीने पाटाच्या दोन्ही काठांवरच्या घरांत घरओळखी केल्या. मोठमोठ्या सभांतून तिला बोलावणी आली.

वसंतात धुळीची वादळं उठतात, तशा एका दुपारी ग्रासिएला आईचं औषध न्यायला दवाखान्यात आली.

"आई कशी आहे?"

"काय सांगू, डॉक्टरा! केस विंचरून बसते, गाणी म्हणते. पप्पा येतात ना हल्ली."

"वा! दौऱ्यावर असतात वाटतं फार?"

ग्रासिएला खो खो हसत सुटली. "दौऱ्यावर! अहो, पप्पा कबरस्तानात आहेत. बरीच वर्षं झाली त्याला."

"पण फोटोला हार नव्हता!"

"हार कशाला? लग्न आहे का?"

"आणि ती कॉफी?"

"त्यांचीच. आई रोज ठेवते. गेले म्हणून काय झालं, घरचेच ना ते?" मग ती ओशाळून म्हणाली, "मला वाटलं तुम्हाला माहीत असेल. आणि आईच्या देखत, त्यांच्या खुर्चीसमोर उभं राहून, 'पप्पा मेलेत' असं मी परक्या बाईला सांगू? जीभ झडेल माझी. आता तुमच्या चष्म्यामुळे का होईना, आले ते तिला भेटायला. मी मेणबत्ती लावली तुमच्या नावाची."

शर्वरीही हसली. हसता हसता मध्येच थांबली. अंगावरून गार पाल सरकावी तसं काहीतरी तिच्या पाठीवरून खाली गेलं.

ठिगळाला भूत दिसत नाही. आठवण दिसत नाही, श्रद्धा दिसत नाही. त्याला दिसतो फक्त माणूस. उबदार अंगाचा, हाडामासाचा, डावीकडे येऊन उभा राहिलेला. तो असल्याशिवाय खूण जातच नाही. यंत्र नसलेला माणूस दाखवत नाही. असलेल्या माणसाला नाव देतं.

"ग्रासिएला, तू शाळेत असताना घरी कोण येतं?"

"कुणीच नाही. आईचा भाचा कधीच डेन्व्हरला गेला."

"शेजारपाजारचे?"

"आईच्या तव्याला घाबरतात सगळे."

शर्वरीने फोन काढला. दोन्या ओतिलियाचं नाव दाबलं. पडद्यावर खूण आली.

डावीकडे: एलिसेओ. बसलेला.

दोघी त्या अक्षरांकडे बघत राहिल्या. बाहेर वाऱ्याने कुणाचा तरी पत्रा उडवून नेला, पण त्यांनी मान वर केली नाही.

डावीकडे: एलिसेओ. उभा.

गाडी शर्वरीने चालवली. ग्रासिएलाने डेप्युटी शेरीफला, म्हणजे तिथल्या फौजदाराला, फोन लावला, तर तो खोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला, धुळीने बंद झालेल्या रस्त्यावर अडकलेला. येतो म्हणाला.

"पुसून टाका ते नाव!" ग्रासिएला ओरडली. "तुमच्या फोनवरून होतं ना?"

"होतं. पण यंत्रात दुसऱ्या कुठल्याच पुरुषाचं नाव नाही. ते पुसलं तर त्या जागी तिला बिनचेहऱ्याचा माणूस दिसेल. ती किंचाळेल. आणि घरात तिच्याजवळ कोण आहे? तोच."

ग्रासिएला खिडकीबाहेर धुळीकडे बघू लागली. मग तिचा आवाज आला, लहान मुलीसारखा. "डॉक्टरा, हल्ली संध्याकाळी तो कप रिकामा असतो. मला वाटायचं आईच पिते."

शर्वरीने पाय दाबला.

"आणि पप्पांच्या हॅटला घामाचा वास येतो. इतक्या वर्षांनी. मी... मी तोंड खुपसलं होतं त्या हॅटमध्ये. देवाचे आभार मानले होते, त्यांचा वास परत आला म्हणून."

घर दिसू लागलं तशी शर्वरीने गाडी अलीकडेच थांबवली. चिनारासारख्या उंच झाडांखाली एक ट्रक उभा होता. धुळीत पुरता माखलेला.

"तू शेजाऱ्यांना गोळा कर. आवाज करू नकोस. मी डॉक्टर आहे, चष्मा तपासायला आलेय. मला बघून तो बिथरायचा नाही."

हे तिने अगदी ठाम आवाजात सांगितलं. मग ती दाराकडे निघाली.

दार उघडंच होतं. दोन्या ओतिलिया टेबलापाशी बसली होती, खांद्यावर बाहेर जायची शाल. आणि तिच्या डावीकडे, त्या रुंद खुर्चीला टेकून, तो उभा होता. चाळिशीचा, दाढी वाढलेला, डोक्यावर एलिसेओची गवती हॅट. त्याचा हात म्हातारीच्या केसांवर होता.

शर्वरीला बघून त्याने हात काढला नाही. नुसतं बघत राहिला. आपल्याला ही बाई कुणाच्या नावाने हाक मारते, याचीच वाट बघत असल्यासारखा.

"नमस्कार, दोन्या ओतिलिया," शर्वरी म्हणाली. "नमस्कार, डॉन एलिसेओ."

त्या माणसाचे खांदे सैल झाले.

"या, या डॉक्टरा! बरं झालं आलात." म्हातारीच्या तोंडावर नव्या नवरीचा आनंद होता. "आम्ही जरा पाटावर निघालोय. एलिसेओ म्हणतात, अपघाताची जागा एकदा बघून ये. म्हणजे सगळं आठवेल."

"आठवतंय का काही?"

"थोडं थोडं. दिव्यामागे एक चेहरा होता. गेल्याच आठवड्यात यांना सांगितलं मी. तेव्हापासून रोज विचारतात, आता किती आठवलं, आता किती आठवलं. फार काळजी हो त्यांना."

काळजी. शर्वरीने त्या माणसाकडे बघायचं टाळलं. झाडांखालचा ट्रक तिला आता धुळीशिवाय दिसू लागला. हा माणूस पहिल्यांदा इथे आला असेल तो म्हातारीला काय आठवतंय हे बघायला. आणि म्हातारीने त्याला बसायला खुर्ची दिली, प्यायला कॉफी दिली, खुंटीवरची हॅट दिली. आता त्याला उत्तर मिळालं होतं. पाटाला वसंतात पाणी तुडुंब असतं.

"आवाज जरा बसलाय यांचा," दोन्या ओतिलिया कौतुकाने कुजबुजली. "मातीत राहून बसणारच."

"दोन्या, मी सांगितलेला व्यायाम करता ना? मान डावीकडे वळवायचा?"

"सी, डॉक्टरा."

हे 'सी', म्हणजे हो, शर्वरी दर भेटीत ऐकत आली होती. सोपा व्यायाम होता. मान पुरती डावीकडे वळवली, की जी बाजू नाही ती शाबूत उजव्या नजरेच्या टप्प्यात येते. मग यंत्र नको, खूण नको. जे आहे ते आपल्या डोळ्यांनी दिसतं. मिरजेच्या दवाखान्यातही बाया अशाच हो डॉक्टर, हो डॉक्टर म्हणायच्या आणि गोळ्या उशीखाली ठेवायच्या. डॉक्टरला नाही म्हणायचं नसतं. का नाही करत, हे शर्वरीने कधी विचारलंच नव्हतं.

"खरं सांगा. करता?"

म्हातारी लाजली. "इतर वेळी करते. हे असले की नाही करत. गेलेल्या माणसाकडे सरळ बघायचं नाही, डॉक्टरा. बघितलं की ते निघून जातात. माझी आजी सांगायची."

"चल," तो माणूस म्हणाला. "वारा वाढतोय."

दोन्या ओतिलिया उठली. त्याने तिचा दंड धरला. दार मोकळं होतं, पाट हाकेच्या अंतरावर होता, आणि ग्रासिएलाची काही चाहूल नव्हती. शर्वरीने झटकन खुर्ची ओढली आणि फतकल मारून बसली.

"कॉफी नाही विचारलीत मला."

म्हातारी जागीच थबकली. चुलीवर भांडं गरम होतं, पाहुणी घरात होती, आणि आपण दाराकडे निघालो होतो! तिचे कान लाल झाले. दंड सोडवून घेऊन तिने कप भरला, बडीशेप घातलेली बिस्किटं काढली आणि पाहुणीपुढे ठेवली. शर्वरीने कपाला हात लावला नाही.

"काय झालं? साखर?"

"साखर नाही हो. आमच्याकडे एक रीत आहे. घरधनी घरात असताना घरच्या बाईने त्यांची रीतसर ओळख करून दिल्याशिवाय पाहुणीने कपाला ओठ लावायचा नाही. लावला तर त्या घराचा अपमान होतो."

असली रीत मिरजेत काय, आख्ख्या सांगली जिल्ह्यात कुणी कधी पाळली नव्हती. शर्वरीने ती त्याच घटकेला रचली होती, आणि देवीसमोर शपथ घ्यावी अशा चेहऱ्याने सांगितली होती.

"ओळख तर मघाशीच झाली," माणूस म्हणाला. "चल ना."

"थांबा हो जरा! घरात पाहुणी बसलीय."

दोन्या ओतिलिया दोघांच्या मध्ये उभी राहिली. एकीकडे आजीचा शब्द, इतक्या वर्षांनी परत आलेला नवरा, बघितलं तर जाईल. दुसरीकडे कॉफी गार होत चाललेली आणि पाहुणी उपाशी. तिचे ओठ हलत होते. बहुधा ती एलिसेओची माफी मागत होती. ज्या घरात पाहुण्याला पाठ दाखवत नाहीत, त्या घरात ओळख करून देताना नजर चोरायची तरी कशी?

तिने पदर सारखा करावा तशी शाल सारखी केली, आणि चांगल्या घरच्या बाईसारखी सबंध वळली. हळूहळू. तिची नजर चुलीवरून गेली, खिडकीवरून, संतावरून. मग रुंद खुर्चीपाशी उभ्या असलेल्या त्या माणसावर येऊन थांबली.

घरात फक्त वाऱ्याचा आवाज होता.

"डॉक्टरा," ती म्हणाली. आवाज एकदम सपाट. "ही ओळख मला करून देता येणार नाही. यांचं नाव मला ठाऊक नाही."

माणसाने एक पाऊल पुढे टाकलं.

"चेहरा ठाऊक आहे," दोन्या ओतिलिया म्हणाली. "दिव्यामागचा."

त्याचा हात तिच्या गळ्याच्या दिशेने उठला, आणि शर्वरीने समोरची अजून कढत असलेली कॉफी त्याच्या तोंडावर फेकली. तो ओरडला. त्याच वेळी अंगणात कुत्री भुंकली, ग्रासिएलाची आरोळी आली, फावडी घेतलेली माणसं कुंपणावरून उतरू लागली. टेबल उलथवून तो मागच्या दाराने पळाला. धुळीचा लोट इतका दाट होता, की त्याच्या मागे धावलेला शेजारी अंगणातल्या विहिरीलाच दोन फेऱ्या मारून परत आला.

हॅट तेवढी तो घेऊन गेला.

दोन्या ओतिलियाने चष्मा काढून चुलीशेजारी ठेवला. मग एलिसेओचा कप जमिनीवरून उचलला, राखेने घासला, धुतला, पुन्हा घासला. ग्रासिएलाने तिला मिठीत घ्यायला हात पुढे केले, पण ती डावीकडून आली होती. म्हातारीला ती तिथे नव्हतीच.

"मग माझ्या केसांतून हात कोण फिरवत होतं?" तिने नळाच्या पाण्याला विचारलं. "रोज?"

शर्वरीने उलथलेलं टेबल सरळ केलं. थोड्या वेळाने ग्रासिएलाला डेप्युटीचा फोन आला. आपण हमरस्त्यावर नाके लावलेत, असं तो सांगत होता.

"हमरस्त्यावर कशाला?" ग्रासिएला म्हणाली. "ट्रक तर इथेच आहे. चालत गेलाय तो."

"चालत कुठे जाणार?" शर्वरी म्हणाली. "या वादळात त्याला दार कोण उघडेल?"

नळ बंद झाला.

"त्याने विचारलं होतं मला," दोन्या ओतिलिया पाठमोरीच म्हणाली. "असले चष्मे आणखी कुणाकुणाकडे आहेत म्हणून."

"आणि तुम्ही सांगितलंत?"

"नवरा विचारतोय म्हटल्यावर!" ती वळली. तिच्या ओल्या हातांतून पाणी टपकत होतं. "कॉन्सुएलो बाकाचं नाव सांगितलं. पाटापलीकडे राहते ती. एकटीच."

"एकटी नाही," शर्वरी म्हणाली. "तिचा नवरा आहे ना. एर्नेस्तो. मीच नोंद..."

ग्रासिएलाने नकारार्थी मान हलवली.

"एर्नेस्तो पप्पांच्याही आधी गेला, डॉक्टरा."

शर्वरीने फोनवर कॉन्सुएलोचं नाव दाबलं. वादळात खूण यायला वेळ लागत होता. मग आली.

डावीकडे: एर्नेस्तो. उभा.

ग्रासिएला डेप्युटीला नवा पत्ता ओरडून सांगत दाराबाहेर धावली, शेजारी तिच्यामागे. शर्वरी कॉन्सुएलोच्या घरी फोन लावून, स्पीकरवर टाकून, त्यांच्यामागे पाटाच्या रस्त्याला लागली. धूळ डोळ्यांत, दातांत. तिकडे घंटी वाजत होती. वाजत राहिली. मग कुणीतरी उचलला. बोललं कुणीच नाही. नुसता श्वास, धाप लागलेला.

आणि त्या श्वासाच्या मागून एक म्हातारा, आनंदाने चिरकलेला आवाज. "कोणाचा आहे हो, एर्नेस्तो?"

नाव पुसायची कळ शर्वरीच्या अंगठ्याखाली होती. तिने अंगठा उचलून घेतला.

"डॉन एर्नेस्तो का?" ती म्हणाली. धावता धावताही तिने आवाज मऊ ठेवला, सणाच्या दिवशी नातेवाइकांशी बोलावं तसा. "मी डॉक्टर बोलतेय. दोन्या कॉन्सुएलोंचा चष्मा तपासायला येतेय. त्यांना सांगा, कॉफी ठेवा. आणि तुम्ही कुठे जाऊ नका हं. त्यांच्या डावीकडे खुर्ची घेऊन बसा. त्यांना बरं वाटतं, तुम्ही जवळ बसलात की."

धाप तशीच ऐकू येत होती. मग पलीकडे, फरशीवरून खुर्ची ओढल्याचा आवाज झाला.